तारेची पहिली रात्र

दातांना तार बसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्या फिजिशियनकडे येतं, तेव्हा आईची तक्रार ठरलेली असते : काही खात नाही, चिडचिड करतो, परत त्या डॉक्टरकडे जाणार नाही म्हणतो. दंतवैद्याच्या लेखी हा 'त्रासदायक पेशंट'. माझ्या मते बहुतेकदा तो घाबरलेला पेशंट असतो.

तारेचं दुखणं खुर्चीत फारसं जाणवत नाही. तार दात ढकलते, मुळाभोवतीच्या मऊ पडद्यावर दाब येऊन सूज येते. त्यातूनच एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. ठणका काही तासांनी, घरी सुरू होतो. दुसऱ्या दिवशी तो सर्वाधिक असतो, आठवडाभरात ओसरतो. हे आधी सांगितलं नसेल तर मुलाला वाटतं, काहीतरी बिघडलं.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तार बसवलेल्या काही रुग्णांना त्यानंतर फोन केला गेला. फोन न आलेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं आणि भीती दोन्ही कमी होतं. गंमत म्हणजे फोनवर सूचना दिल्या की नुसती विचारपूस केली, याने फरक पडला नाही!

आपल्याकडे याची गरज जास्त. २०२४च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, द्रोणागिरीला स्थानक मिळालं, मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाणं सोपं झालं. तरी दीड-दोन वर्षं, दर चार-सहा आठवड्यांनी शाळा आणि पालकांचा रोज बुडवून जायचं असतं. मूल अडून बसलं की दोन खेपा चुकतात, मग उपचारच सुटतात. तार मात्र तोंडात राहते, भोवती अन्न अडकून दातांवर पांढरे डाग पडतात, पुढे कीड लागते.

म्हणून सुरुवातीलाच मुलाला एकट्याला विचारावं, दात सरळ करायची इच्छा तुझी की आईची? प्रत्येक अवजार आधी दाखवावं. हात वर केला की थांबायचं, असं ठरवावं आणि खरोखर थांबावं. दाताचं माप घेताना उमासे येत असतील तर ताठ बसवून नाकाने श्वास घ्यायला सांगावा.

घरी दोन-तीन दिवस मऊ भात, खिमट, दही द्या. वजनानुसार पॅरासिटामॉल चालतं. मुलांना ॲस्पिरिन नको. तार गालाला टोचत असेल तर दंतवैद्याकडचं मेण लावा. चेहऱ्यावर सूज किंवा ताप आला तर मात्र तो तारेचा नेहमीचा ठणका नव्हे. त्याच दिवशी दाखवा.