घाटावरचा गाळ आणि माळव्याची काळी

गंगेचा पूर ओसरला की काशीच्या घाटांवर गाळाचे थर उरतात. कार्तिकी पौर्णिमेच्या आत पायऱ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून पंप लावून तो गाळ पुन्हा नदीत लोटतात. शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वराचे कललेले देऊळ तर वर्षातले कित्येक महिने गाभाऱ्यापर्यंत पाण्याचिखलात असते. काशीला गेलेला मराठी माणूस याच चिखलातून पाय उचलत अहिल्याबाईंच्या विश्वनाथ मंदिराकडे जातो. हा चिखल आला कुठून, हा प्रश्न मला देवळाच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर मातीच्या कणाच्या आतल्या रचनेत आहे.

ती रचना वाचायचे साधन म्हणजे वर्णपटमापी. काशीला या विद्येची जुनी परंपरा आहे. मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली स्थापन केलेल्या हिंदू विद्यापीठात रं. कृ. असुंडी यांनी वर्णपटशास्त्राचे संशोधन नावारूपाला आणले. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या एका पट्टमालिकेला त्यांचेच नाव आहे. पुढे ते तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात याच विषयाचे काम पाहू लागले. त्याच विद्यापीठात १९२४पासून मातीकामाचे, म्हणजे सिरॅमिकचे, शिक्षण मिळते. प्रकाश वाचणारे आणि माती भाजणारे असे दोघेही एकाच आवारात.

चिकणमातीचा कण म्हणजे पत्र्यांची चळत. एक पत्रा सिलिकॉन-ऑक्सिजनचा, दुसरा ॲल्युमिनियमचा. केओलिनाइटमध्ये एकाला एक जोडलेला असतो आणि असा एक थर सुमारे ७ अँगस्ट्रॉम जाड भरतो. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग. इलाइटमध्ये सिलिकाच्या दोन पत्र्यांत ॲल्युमिनाचा एक, आणि थराथरांमध्ये पोटॅशियम घट्ट बसलेले, म्हणून ते १० अँगस्ट्रॉमवर स्थिर राहते. स्मेक्टाइटही तसेच तीन पत्र्यांचे, पण त्याच्या थरांमध्ये पोटॅशियमची पाचर नाही. पाणी आत शिरते, थर दूर सरतात, माती फुगते. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि मृगाच्या पावसात बुजणारी आपली काळी म्हणजे मुख्यतः हेच खनिज.

घाटावरचा गाळ यंत्रात जाण्याआधी त्याला बरेच सोसावे लागते. सौम्य ॲसिटिक आम्लाने चुनखडी काढायची, हायड्रोजन पेरॉक्साइडने कुजके काढायचे, मग पाण्यात ढवळून उंच नळकांड्यात ठेवून द्यायचे. वाळू क्षणात तळाशी जाते. दोन मायक्रॉनच्या कणाला १० सेंटिमीटर उतरायला सुमारे ८ तास लागतात. त्यानंतर वरचे गढूळ पाणी काढून घेतले की हाती येते ती खरी चिकणमाती. तिची एक-दोन मिलिग्रॅम पूड २०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटायची आणि दाबयंत्रात दाबून पारदर्शक चकती करायची. हे मीठ हवेतला ओलावा चटकन ओढते. काशीच्या श्रावणात त्या पाण्याचाच पट्टा वर्णपटावर पसरतो, म्हणून चकती आधी नीट वाळवावी लागते.

या चकतीतून अवरक्त किरण सोडला की कणातले ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध आपापल्या सुरात थरथरतात. केओलिनाइट तरंगसंख्येच्या (दर सेंटिमीटरला किती लाटा, त्या मापाच्या) ३६९५ ते ३६२० या टप्प्यात चार शिखरे दाखवते. त्यांतले ३६२०चे शिखर थराच्या आत दडलेल्या बंधाचे, बाकीची पृष्ठावरच्या बंधांची. रचना विस्कटलेली असेल तर मधली शिखरे मंदावतात. पण मला सगळ्यात सुंदर वाटतो तो खालचा भाग. बंधाशेजारी दोन ॲल्युमिनियम असतील तर ९१५च्या आसपास खूण उमटते. एकाच्या जागी लोह आले की ती ८८०कडे सरकते. शेजारी कोण राहतो, हे त्या बंधाच्या आवाजावरून कळते.

घन पदार्थाच्या चुंबकीय अनुनादाची पद्धत याहून बारकाईने पाहते. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांचा कोन करून सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवायचा, मग सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमची ठिकाणे वेगवेगळी दिसतात. मात्र लोहाने या यंत्राची दृष्टी धूसर होते, आणि बेसॉल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर. तिथे मॉसबाउअर वर्णपट कामी येतो. त्याला लोहच दिसते, आणि त्या लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेत की तीन, हेही तो सांगतो.

आता गंगेच्या गाळावरच्या अभ्यासांकडे वळू. हिमालयातून उतरणाऱ्या प्रवाहांच्या चिकणमातीत इलाइट पुढे असते, तर दक्षिणेकडून यमुनेला मिळणाऱ्या चंबळ, बेतवा यांसारख्या नद्या स्मेक्टाइट घेऊन येतात. ते दख्खनी बेसॉल्टचे. इंदूरची खान नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, आणि यमुना प्रयागला गंगेत. होळकरांच्या गावची आणि शिंद्यांच्या उज्जैनची काळी याच वाटेने त्यांच्या काशीतल्या देवळांच्या, घाटांच्या पायथ्याशी पोचायची. अहिल्याबाईंचे मंदिर १७८०मध्ये उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून.

१९६०मध्ये गांधीसागर धरण झाले, तेव्हापासून वरच्या चंबळेचा बराच गाळ तिथेच बसतो. काळी सिंध आणि पार्वती मात्र त्या धरणाच्या खाली चंबळेला मिळतात. देवास-सिहोरकडच्या शिवारांत त्या उगम पावतात, आणि आश्विनात घाटावर पंप लावणाऱ्यांच्या धारेखाली आजही त्यांनी आणलेली माती असते.