‘पूर्ण पुरुषा’चा सूट

आमच्या कोल्हापुरात लग्न ठरले, की मानपानाच्या यादीत जावईबापूंच्या सुटाचे कलम हटकून यायचे. दुकानदार तागा उलगडी, काठावरची ‘रेमंड’ ही अक्षरे दाखवी आणि वधूपित्याच्या तोंडाला कोरड पडे! कापड कसे आहे, हे चिमटीत धरून पाहण्याची मग गरजच उरत नसे.

हे नाव आले कुठून? ठाण्यात वाडियांनी लोकरी कापडाची गिरणी काढली. ती ससून कंपनीकडे गेली आणि त्यांच्या संचालकांचे आडनाव गिरणीला चिकटले. १९४४ साली कानपूरच्या सिंघानियांनी ती घेतली. पण नाव बदलले नाही. व्यापाऱ्याचा शहाणपणा म्हणतात तो हा. १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटीत ‘किंग्ज कॉर्नर’ हे त्यांचे स्वतःचे दुकान उघडले.

जाहिरातीत आधी ऐट होती. नीटनेटक्या पोशाखाचा वाटाड्या, असा तिचा सूर. १९९२ च्या सुमारास ‘द कम्प्लीट मॅन’ आला आणि ऐट मावळली. हा गृहस्थ कुत्र्याच्या पिल्लांशी खेळतो, तान्ह्या बाळाला कडेवर घेतो. मराठीत ‘पूर्ण पुरुष’ म्हटले, की आम्हां मास्तरांना थेट श्रीकृष्ण आठवतो. इथे तो सुटाबुटात! पाठीमागे वाजणारी सुरावट रॉबर्ट शूमानची, १८३८ मधली, लहानपणाच्या चित्रांवर रचलेल्या मालिकेतली. कापड विकायचे प्रौढांना आणि सूर बाळपणाचे, ही योजना ज्याला सुचली त्याला दाद द्यायला हवी.

आमच्या शाहू मिलला असे काही लाभले नाही. १९०६ साली शाहू महाराजांनी तिचा पाया घातला. तिचे सूत, तिचे कापड सुती आणि साधे. भोंगा हीच तिची जाहिरात. त्यावर गावातली घड्याळे लावली जात. २००३ मध्ये ती बंद पडली. ‘रेमंड’ची ठाण्याची गिरणीही २००९ मध्ये थांबली, त्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत. तिचे नाव मात्र इतर गावच्या कारखान्यांतील ताग्यांवर छापले जाते. ठाण्याच्या मागांवर ज्यांची उमेद सरली, त्यांना त्या नावातला वाटा कोणी दिलेला नाही.