साक्षीदार वेगळा, तिजोरी वेगळी

पनवेलमधल्या नोकरदार घराला वर्षाचे मोठे खर्च आधीच ठाऊक असतात. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके, भाद्रपदात गणपतीला गावी जाणे, मग दिवाळी, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की वाढीव अनामत व दलाली. यातला एकही खर्च न सांगता येत नाही. तरीही तो दारात उभा राहिला की उसनवारी होते, दागिना गहाण पडतो, नाहीतर मोबाइलवरून झटपट कर्ज घेतले जाते. महिना माहीत असलेल्या खर्चासाठी वर्षभरात थोडे थोडे पैसे बाजूला का पडत नाहीत? ‘मनाचा निश्चय नाही’ असे याचे ठरलेले उत्तर दिले जाते. मला ते चुकीचे आणि राबणाऱ्या माणसावर अन्याय करणारे वाटते. तोच माणूस गाडीचा हप्ता, विजेचे बिल, सोसायटीचा देखभाल खर्च महिन्याच्या महिन्याला भरतो, कारण पैसे थकले तर कोणीतरी विचारते. स्वतःच्या बचतीचा हप्ता चुकला तर विचारणारे कोणी नसते. वर्षाचा संकल्प तीन-चार महिन्यांत गळून पडतो तो याच जागी, आणि म्हणून त्याला दुसऱ्या कोणाची तरी नजर हवी.

याला पुरावा आहे. चिलीमध्ये फेलिपे कास्ट, श्टेफान मायर आणि दिना पोमेरांझ या अभ्यासकांनी लहान व्यावसायिकांवर एक प्रयोग केला. काहींना बचत खात्यावर ०.३ टक्क्यांऐवजी ५ टक्के व्याज दिले. काहींना गटासमोर आपले उद्दिष्ट जाहीर करायला लावले आणि दर बैठकीत हप्ता भरला की नाही ते सगळ्यांसमोर तपासले. वाढीव व्याजाने बहुतेकांच्या बचतीत फारसा फरक पडला नाही. गटात बसणाऱ्यांनी मात्र साडेतीन पट वेळा पैसे भरले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर यांनी ६० गावांत हेच वेगळ्या रीतीने पाहिले. प्रत्येकाने सहा महिन्यांचे उद्दिष्ट ठरवायचे आणि त्याच्या बचतीची माहिती गावातल्याच एका माणसाला अधूनमधून कळवायची, एवढीच योजना. ज्यांना असा देखरेख करणारा मिळाला त्यांची एकूण बचत तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढली. ज्याच्याकडे गावाची ऊठबस जास्त, त्याच्या देखरेखीचा परिणामही जास्त. आपल्याविषयी चार माणसांत काय बोलले जाईल याची काळजी माणसाला असते, आणि ती काळजी इथे कामी येते.

व्याजाचा हिशेब घरीही करून पाहता येईल. महिना ३,००० रुपयांचे वर्षभराचे आवर्ती खाते धरा. साडेसहा टक्क्यांनी साधारण १,२७० रुपये व्याज होते, साडेसात टक्क्यांनी साधारण १,४६०. फरक दोनशे रुपयांच्या आत. एक हप्ता बुडाला की ३,००० रुपये कमी. अर्धा-एक टक्क्यासाठी बँका पालथ्या घालणारा माणूस हप्ता चुकू नये म्हणून काहीच व्यवस्था करत नाही, ही खरी विसंगती आहे.

ही व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोज दोन आण्यांची पिग्मी ठेव सुरू केली आणि ‘पिग्मी’ हा शब्द पुढे महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत रुजला. संध्याकाळी एजंट दुकानाच्या पायरीशी येतो, दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढतो, हातातल्या यंत्रातून पावती निघते. रोजचे शंभर म्हणजे वर्षाचे ३६,५०० रुपये. या ठेवीवर व्याज जेमतेम असते आणि मुदतीआधी मोडली तर तेही कापले जाते. तरी दुकानदार ती चालू ठेवतात, कारण ते पैसे न चुकता कोणीतरी मागायला येते. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघरी जाऊन गोळा करणाऱ्या बायकाही अशाच. १९७२ साली सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या या एजंट. त्यांचे कमिशन सरकार देते, खातेदाराला वेगळे काही द्यावे लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीला त्या जिना चढून येतात, कार्डावर नोंद करतात आणि ‘ताई, या महिन्याचं राहिलंय’ एवढेच म्हणतात. या एका वाक्याने कितीतरी घरांच्या ठेवी मुदतीपर्यंत टिकल्या आहेत, असे मला खात्रीने वाटते.

याच तत्त्वाचे सर्वांत नेटके रूप म्हणजे बचत गट. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (‘माविम’) आणि ‘उमेद’ अभियान यांनी ती चळवळ वाडी-वस्तीपर्यंत नेली. गटाची पंचसूत्री गावागावांतल्या बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. यातली बैठक वरवर साधी दिसते, पण सगळे बळ तिच्यात आहे. प्रत्येकीचे नाव घेतले जाते, रक्कम मोठ्याने वाचली जाते, गैरहजर राहणाऱ्या सदस्याला दंड पडतो आणि सगळ्याजणी नोंदवहीवर सही करतात. शंभर-दोनशे रुपयांचा हप्ता दहा-पंधरा जणींच्या साक्षीने भरला जातो, तेव्हा तो चुकवणे अवघड होते.

इथे भिशीचे नाव निघणारच. सोसायटीत, कार्यालयात, रिक्षा थांब्यावर भिशी चालतेच, मग वेगळे काय सांगता, असे कोणी म्हणेल. भिशीची शिस्त खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण तिच्यात साक्षीदारच खजिनदार असतो. पहिल्या फेरीत उचल घेतलेल्याने पुढचे हप्ते थांबवले, किंवा चालवणाराच निघून गेला, तर हातात ना पावती ना करार. विश्वास मोठा असला की धोका कमी होतो, असे पनवेलकरांनी तरी म्हणू नये. कर्नाळा नागरी सहकारी बँक आपल्याच गावची, आपल्या माणसांची म्हणून लोकांनी तिच्यात ठेवी ठेवल्या. पैसे काढण्यावर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे त्या वेळी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. म्हणजे ठेवीदारांच्या मदतीला ओळखपाळख नव्हे, विम्याचा कायदा आला. म्हणून माझे म्हणणे असे, की माणसांकडून आठवण, विचारपूस आणि थोडी लाज घ्यावी. रक्कम मात्र स्वतःच्या नावावरच्या खात्यात ठेवावी.

आपल्या पैशांची गोष्ट चारचौघांत कशाला, हा आक्षेप खरा आहे. साठलेली रक्कम कळली की उसने मागणारे येतात, आणि नातेवाइकाला नाही म्हणणे जड जाते. पण साक्षीदाराला शिल्लक सांगायची गरजच नाही. हप्ता भरला की नाही, एवढेच कळले तरी पुरे. रिक्षावाल्याला, नाक्यावर काम शोधणाऱ्याला ठरावीक पगार नसतो, मग ठरावीक हप्ता कसा, हा दुसरा आक्षेप. त्यांच्यासाठी महिन्यापेक्षा दिवसाचा हिशेब बरा: धंदा झाला त्या दिवशी टाकायचे आणि आठवड्याला किती दिवस टाकले ते सांगायचे. ज्या घरात महिनाअखेर किराणाच उधारीवर येतो, तिथे मात्र ही युक्ती लागू नाही. तिथे प्रश्न मजुरीचा आहे, आणि त्या घराला काटकसर शिकवायला जाऊ नये.

बाकीच्यांनी येत्या पाडव्याला तीन-चार विश्वासू माणसे जमवा. बहीण, शेजारीण, रोजच्या गाडीतला सोबती, कोणीही चालेल, पण खोटे कौतुक न करणारे असावे. वर्षाची रक्कम आणि तिचे कारण कागदावर लिहा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जाणारे आवर्ती खाते उघडा आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला एकमेकांना विचारा. खाते उघडण्याआधी एवढे पाहून घ्या: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतही आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला आणि भिशीला तो नाही.