पोराला सैन्यात जायचे आहे

आमच्या गावचा एक मुलगा रोज पहाटे सडकेवर धावे. भरतीत तो मागे पडला. तेव्हापासून तो बोलेना, जेवेना, रात्र रात्र जागा राही. बाप म्हणे, "सोंगं करतोय!"

आम्ही बापाला बाजूला घेतले. म्हटले, "अहो, पोराच्या मनाला लागलंय. आधी टोमणे बंद करा."

मग आम्ही रोज सांजेला त्याच्याजवळ बसू लागलो. उपदेश केला नाही. मास्तरला हे फार जड जाते! एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, जगून काय करू?"

असे बोल ऐकले की माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी फोन आहे. त्याला टेलिमानस म्हणतात. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही चालतो. आम्ही फोन लावून दिला. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात सोबत गेलो.

बापाला धाक होता, औषधामुळे भरती हुकेल. आम्ही म्हटले, "हुकेलही. पण आधी पोर राहिलं पाहिजे. आणि फॉर्मात काही लपवू नका."

भरतीचीही माहिती काढली. २०२२ साली अग्निपथ योजना निघाली. तीत जवानाला चार वर्षांसाठी घेतात. पुढे थोड्यांनाच कायम करतात. आधी लेखी परीक्षा, मग १६०० मीटर धाव, मग डॉक्टरी तपासणी. सपाट तळवे, रंग न ओळखणे, यांपायी मुले परत येतात. म्हणून ही तपासणी आधीच करून घ्यावी. दलालाला दमडी देऊ नये.

मुलगा आता पुन्हा धावतो. अर्जाचे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवणार आहे.