आकडा वाचलात, एकक वाचलेत का?

वाचकहो, बाजारात भाजीवाल्याला नुसते ‘दोन द्या’ म्हटले, तर तो लगेच विचारतो, ‘दोन काय? किलो की जुड्या?’ तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी शेर-पायली जाऊन किलो-लिटर आलेले पाहिले आहे. मापाविना आकड्याला अर्थ नसतो, हे तुम्हांला सांगायला नको. तरीही औषधाचे वेष्टन किंवा रक्ततपासणीचा अहवाल पाहताना आपण आकडा तेवढा वाचतो आणि त्यापुढचे एकक सोडून देतो. उतारवयात हे दुर्लक्ष महाग पडू शकते.

प्रथम वजन पाहू. १ ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. बहुतेक गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते. थायरॉइडसाठी दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. वेष्टनावरील ‘एमसीजी’मधला ‘सी’ नजरेतून सुटला, तर फरक हजारपटीचा होतो. ०.०५ ऐवजी ०.५ लिहिले गेले, तर मात्रा दहापट होते. म्हणून औषधांची यादी करताना ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा.

पातळ औषधात दोन मापे एकत्र येतात : द्रव किती आणि त्यात औषध किती. एकाच नावाच्या एका बाटलीत ५ मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत २५०. त्यामुळे ‘एक चमचा’ एवढ्यावर विसंबू नये. शिवाय घरातले चमचे एकसारखे नसतात. औषधासोबत मिळणारे खुणांचे टोपण वा मापाचा चमचाच वापरावा.

सर्वांत अधिक जपायचे ते इन्सुलिनला. ते ‘युनिट’मध्ये मोजतात. आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. ४० च्या सिरिंजला बहुधा लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. समजा, १० युनिट घ्यायचे आहेत. १०० च्या कुपीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २५ युनिट जातील. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येण्यास एवढे पुरेसे आहे. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पडताळून पाहावे. टोपणाच्या रंगावरच भिस्त ठेवू नये.

आता तपासणीचे अहवाल. मुलांकडे लंडनला गेलेल्या आजोबांच्या अहवालात उपाशीपोटीची साखर ‘७’ अशी येते आणि घरात गोंधळ उडतो. आपल्याकडे १ डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर, रक्तात साखरेचे वजन किती, हे मिलिग्रॅममध्ये सांगतात. ब्रिटनमध्ये १ लिटरमागे साखरेच्या रेणूंची संख्या मिलिमोलमध्ये सांगतात. ग्लुकोजचा १ मिलिमोल म्हणजे १८० मिलिग्रॅम. १ लिटरमध्ये १० डेसिलिटर, म्हणून त्या आकड्याला १८ ने गुणावे. ७ गुणिले १८ म्हणजे १२६, आणि ही मधुमेहाच्या निदानाची सीमारेषा आहे. म्हणजे तो ‘७’ दिसतो तितका लहान नाही. उलट, तिकडच्या अहवालात क्रिएटिनिन ‘८८’ दिसले म्हणून घाबरू नये. ते लिटरमागे मायक्रोमोलमध्ये असते आणि आपल्याकडच्या साधारण १ मिलिग्रॅमइतके भरते. प्रत्येक पदार्थाचा रेणू वेगळ्या वजनाचा असल्याने साखरेचा १८ हा गुणक इतरत्र चालत नाही.

आजच एक काम करावे. घरातील ज्येष्ठांची सर्व औषधे समोर घेऊन कागदावर चार रकाने आखावेत : औषधाचे नाव, आकडा, एकक आणि वेळ. एककाचा रकाना कोठे रिकामा राहिला, तर तो अंदाजाने भरू नये. डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारूनच भरावा. हा कागद औषधांच्या डब्यात ठेवावा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्यावा.