जादूगाराचा जीव वहीत

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हापासून त्यात जादूगार आहे. सुरुवातीची त्याची अवस्था मात्र केविलवाणी: अंगावर चिलखत नाही, हातात फक्त खंजीर आणि गाठीला एकच मंत्र. तो वापरला की डोक्यातून पुसला जायचा. उद्या मंत्रांच्या वहीतून पुन्हा पाठ करा! ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कथासंग्रहातून उचललेली.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत नियम बरेच सैल झाले, तरी वही सुटली नाही. पहिल्या पातळीवर तिच्यात ६ मंत्र असतात, पुढे दर पातळीला २ वाढतात. परक्याची वही हाती लागलीच, तर मंत्र उतरवून घ्यायला त्या मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे २ तास आणि सोन्याची ५० नाणी मोजायची. शाई महाग!

पाचव्या पातळीवर दिवस पालटतात, कारण तेव्हा ‘फायरबॉल’ मिळतो: २० फूट त्रिज्येत आग, सहा बाजूंचे ८ फासे एकदम. त्यासाठी साहित्य काय, तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. विष्ठेतून सोरा मिळतो, म्हणजे ही बंदुकीच्या दारूचीच थट्टा. पण ही आग आपला-परका पाहत नाही. घाईने टाकली तर सोबतीही होरपळतात. म्हणून मंत्र म्हणण्याआधी टेबलावरच्या नकाशाचे चौकोन मोजून घेतलेले बरे.