संगणकावरचे नेटवर्कच नाहीसे झाले तर



ऊस विकास खात्यातर्फे या पानावर एरवी बेणे, खते, हुमणी यांबद्दल चार गोष्टी सांगितल्या जातात. या खेपेस विषय संगणकाचा आहे. ‘साहेबांना हे काय नवीन सुचलं?’ असे काहींना वाटेल. पण आपल्या उसाची नोंद आता संगणकातूनच मुख्य ऑफिसला जाते आणि बऱ्याच घरांतून मुलांचे लॅपटॉपही आले आहेत, तेव्हा हे समजून घ्यायला हवे.

२०२४ च्या जुलैमध्ये आडसाली लागणीच्या नोंदी ऐन जोरात होत्या. त्याच वेळी आमच्या एका गट ऑफिसातल्या संगणकावरून नेटवर्क गायब झाले. नोंदी पुढे जाईनात म्हणून मदतनीसाने त्याच संगणकात एक तक्ता करून त्या भरून ठेवल्या. चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. ‘विंडोज खराब झाली’ असे सांगून त्याने सगळे फॉरमॅट करून दिले. नेट आले खरे, पण चार दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या. तक्त्याची एक प्रत कागदावर काढून ठेवा, असे मी सांगायला हवे होते. ते सांगितले नाही, ही चूक माझी. लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम लागतो हे आपण जाणताच. त्या सभासदांना सात-बारा घेऊन पुन्हा हेलपाटा पडला, आणि दोघांचा तारखेवरून वाद झाला तो वेगळाच.

महिन्याभराने दुसऱ्या गट ऑफिसात हाच प्रकार घडला. त्या दिवशी योगायोगाने एका सभासदांची कन्या वडिलांबरोबर आली होती. ती संगणकाचे शिक्षण घेते. मी फॉरमॅटचे नाव काढताच म्हणाली, “थांबा काका, आधी मशीनला कार्ड तरी दिसतंय का बघू.” पुढे दहा मिनिटांत तिने जे केले, ते मी वहीत लिहून घेतले.

मुख्य गोष्ट अशी की, पाइपाला पाणी नाही ही एक तक्रार आणि विहिरीवर मोटारच नाही ही दुसरी. दोन्हींत पीक वाळते, पण इलाज निराळा. नेटचेही तसेच आहे. कनेक्शन दिसते पण नेट चालत नाही, तेव्हा दोष बहुधा बाहेर असतो. वायर निघालेली असते, राउटर बंद असतो. अशा वेळी संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू झालेला दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही असे समजावे आणि संगणकाला हात न लावता वायर व राउटर बघावा. पण वाय-फायचे बटण, कनेक्शनचे नाव, सगळेच नाहीसे झाले असेल, तर मोटारच जागेवर नाही.

हे ओळखायचे कसे? कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरून ‘आर’ दाबा. लहान चौकट उघडेल. तीत इंग्रजीत एनसीपीए, मग टिंब, मग सीपीएल असे जागा न सोडता टाइप करून एंटर करा. कनेक्शनची खिडकी उघडते. तिथे चिन्ह करडे असेल तर ते कुणीतरी बंद केलेले आहे. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘एनेबल’ करा, काम संपले. लॅपटॉपवर विमानाच्या चिन्हाचे बटण चुकून दाबले गेले नाही ना, तेही बघावे. मुलांच्या हातून हे फार होते.

खिडकी रिकामी असेल तर खाली ‘स्टार्ट’वर उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ हे सदर पाहा. कार्डाच्या नावावर खाली वळलेला बाण असेल तर ते इथूनच बंद केलेले आहे. इथूनच एनेबल होते. पिवळा त्रिकोण असेल, किंवा ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे बेवारशी नाव असेल, तर कार्ड आहे पण ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. उलट कार्ड तिथे नीट दिसते आणि कनेक्शनची खिडकी तेवढी रिकामी, असेही कधी घडते. तेव्हा ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘नेटवर्क कनेक्शन्स’ ही सेवा डिसेबल नाही ना, हे बघावे. वाय-फायची यादीच येत नसेल तर तिथलीच ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ सुरू करावी.

आमच्या त्या ऑफिसात कार्डाचे नावच नव्हते. वीज कमी-जास्त झाली की कार्ड कधी कधी असे अडून बसते. आम्ही तर रोज संध्याकाळी संगणक बंद करत होतो, मग ते सुधारले कसे नाही? मुलीने सांगितले ते मलाही नवीन होते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक आतली बरीचशी स्थिती जपून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो. ‘रीस्टार्ट’ केले तरच तो खरा कोरा सुरू होतो. तिने संगणक बंद केला, विजेची पिन काढली, चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली. मग पिन लावून सुरू केला, तर कार्ड हजर! पहिल्या ऑफिसातही कदाचित हेच असेल. पण आता सांगणार कसे, फॉरमॅटमध्ये पुरावाही गेला.

एवढे करून कार्ड दिसत नसेल तर ते जळालेले असू शकते. यूएसबीला लावायचे वाय-फायचे लहान कार्ड बाजारात स्वस्तात मिळते. ‘नेटवर्क रीसेट’चा उपाय मात्र शेवटी करावा. त्याने कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून घ्यावेत. विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली हे खरे. पण त्यामुळे नेट गेले असे कुणी सांगितले, तर ऐकून लगेच पैसे मोजू नयेत.

ड्रायव्हर गेला असेल तर तो आणायला नेट लागते, आणि नेट तर नाही! यावर तोड अशी, की मोबाइल वायरने संगणकाला जोडून मोबाइलमधले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुतेक अँड्रॉइड फोन विंडोज लगेच ओळखते. वायर मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीने आम्ही अर्धा तास घालवला होता.

गट ऑफिसात नेटवर्क नसेल त्या दिवशी आता नोंद आधी वहीत होते. लागणीची तारीख घातलेली हातची पोच मदतनीसाकडून मागून घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर मला सांगावे.